समासातला नवरा

तोंडात आठ-दहा बारीक खिळे धरलेले असताना माणसाला स्पष्ट बोलता येत नाही, अशी माझी समजूत होती. मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी ती खोटी ठरली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचं करविवरण भरत बसलो होतो, कागदावर, पेन्सिलीने, कारण माझे वडील तसंच भरायचे आणि त्यांना कधी तुरुंगात जावं लागलं नाही. मागच्या खोलीत माझी बायको लॉर्ना कुणाच्या तरी आजोबांच्या खुर्चीला हिरवं कापड ठोकत होती. तो तिचा धंदा. खिळे ओठांत धरायचे, चुंबकाच्या हातोडीच्या टोकाने एकेक ओठांतूनच उचलायचा आणि लाकडात बसवायचा. तिला असं काम करताना बघणं मला फार आवडतं. एकदाच मी म्हणालो होतो की एखादा गिळलास तर? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय कायमचा मिटवला. तर त्या शनिवारी मी ओरडून सांगितलं, "दंड बसतोय. तीनशे ब्याण्णव डॉलर." हातोडी चालूच. "कसला?" "तू वर्षभर कराचे आगाऊ हप्ते भरले नाहीस त्याचा." "भरलेत की. एप्रिलचा आणि जूनचा. क्लिफर्डबरोबर, दोघांच्या नावाने. त्याचा नंबर लिहावा लागेल ना तुला?" आणि मी "थांब, शोधू कुठेतरी" म्हणायच्या आत तिने नऊ आकडे सांगून टाकले. तिच्या आधीच्या नवऱ्याचा, क्लिफर्ड झेलरचा सोशल सिक्युरिटी नंबर, सरकार माणसाला ज्याने ओळखतं तो. सलग, खिळ्यांसकट, मधल्या दोन आकड्यांवर किंचित हेलकावा देत, शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसा. ठक. ठक. ठक.

मी नंबर लिहून घेतला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी जे काही वागलो त्यावरून मी फार भावनाप्रधान माणूस आहे असा कुणाचा समज होईल. नंबर लिहिला, आकडे मोजले, नऊ भरले, आणि पेन्सिल खाली ठेवली. मग मला आठवली सत्तावीस डिसेंबरची दुपार. बाहेर सरोवरावरून येणारा तो आमच्या एरी शहराचा नेहमीचा बर्फ, बूट कोर्टाच्या दारात ओले, आणि लग्नाचा परवाना देणाऱ्या बाई खिडकीमागून म्हणताहेत, "दोघांचे नंबर." लॉर्नाने स्वतःचा सांगितला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा काय रे?" तेव्हा मला तो प्रश्न गोड वाटला होता. नवरीने नवऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न. मी तो सांगितला, तिने तो लिहिला, आणि आपण तिला काहीतरी दिलं असं मला वाटलं. आज मार्च होता आणि मी पैज लावायला तयार होतो की त्यातला एकही आकडा तिच्या लक्षात नाही. मी काही पैज लावली नाही. हरण्यापेक्षा जिंकण्याची भीती जास्त होती.

कराच्या पुस्तिकेत एक गोष्ट मला फार आवडली होती, आणि जानेवारीपासून मी ती मनातल्या मनात चघळत होतो. एकतीस डिसेंबरला ज्याचं लग्न झालेलं असेल तो अख्खं वर्ष विवाहित धरला जातो. आमचं लग्न वर्ष संपायला चार दिवस असताना झालं, म्हणजे सरकारच्या लेखी एक जानेवारीलाही मीच लॉर्नाचा नवरा होतो. फेब्रुवारीत ती आपल्या बहिणीच्या घरी माडीवर राहत होती, क्लिफर्डशी तिचं वकिलामार्फत बोलणं चालू होतं आणि मला ती ओळखतही नव्हती, तेव्हाही नवरा मीच. घटस्फोट ऑगस्टमध्ये झाला, पण सरकारने तो मनावर घेतला नाही. एवढं उदार सरकार आयुष्यात मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण त्याच पुस्तिकेत पुढे, ज्यांनी घटस्फोट आणि नवीन लग्न एकाच वर्षात उरकलं अशा घाईच्या माणसांसाठी एक सूचना होती. आधीच्या जोडीदाराबरोबर हप्ते भरले असतील तर नव्या जोडीदाराचा नंबर वर रीतसर चौकटीत लिहा, आणि खाली, भरलेल्या रकमेच्या ओळीच्या डावीकडे, समासात, जुन्या जोडीदाराचा नंबर लिहून पुढे घटस्फोटाची DIV ही तीन अक्षरं काढा. म्हणजे वर मी. खाली समासात तो. आमच्या पहिल्या संयुक्त विवरणात, आमच्या दोघांच्या सह्यांच्या पानावर, क्लिफर्ड कडेला अंग चोरून उभा. आणि क्लिफर्ड अंग चोरून उभा राहणारा माणूस नव्हता.

तो जमीन मोजतो. गेली तीस वर्षं ह्या जिल्ह्यात कुणाचं कुंपण कुठे संपतं ते क्लिफर्ड झेलर ठरवतो. मोजून झालं की जमिनीच्या कोपऱ्यात लोखंडी गज ठोकतो आणि त्यावर नारिंगी प्लॅस्टिकची टोपी बसवतो, टोपीवर त्याचा परवान्याचा आकडा. एकदा तुमचं लक्ष गेलं की त्या टोप्या सगळीकडे दिसायला लागतात. शाळेच्या मैदानाच्या टोकाला, दंतवैद्याच्या दारात, माझ्या आईच्या कबरीपासून वीस पावलांवर. माझ्याच घराच्या मागच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात एक आहे, कारण नऊ वर्षांपूर्वी शेजाऱ्याशी माझा गॅरेजवरून वाद झाला तेव्हा मीच त्याला बोलावलं होतं. चारशे पन्नास डॉलर दिले, वर कॉफी दिली. त्याने कॉफी उभ्याउभ्याच घेतली आणि म्हणाला की माझं गॅरेज अर्धा फूट शेजाऱ्याच्या हद्दीत आहे. तो बरोबर होता. क्लिफर्डबद्दल सगळ्यात वाईट गोष्ट हीच, की माझ्या माहितीप्रमाणे तो आयुष्यात एकदाही चुकलेला नाही. लॉर्ना त्याला का सोडून आली हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "चुकत नाही म्हणून." मी त्या रात्री सुखाने झोपलो. मग काही आठवड्यांनी मला वाटायला लागलं, की ह्याचा अर्थ तिने माझ्यात नेमकं काय पाहिलं?

माझ्यासारख्या शाळामास्तराचा कर पगारातूनच कापला जातो, पैसे हातात यायच्या आत. हप्ता भरण्यासाठी लागणारी ती जी चारित्र्याची ताकद असते ती माझ्याकडे आहे की नाही हे मला कधी कळलंच नाही, कारण तशी वेळच आली नाही. एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी. प्रत्येक वेळी पंधरा तारीख. स्वतःचा धंदा असलेल्या माणसांचं वर्ष ह्या चार खुंट्यांवर टांगलेलं असतं आणि माझ्या मनात क्लिफर्ड त्या प्रत्येक खुंटीपाशी हातात पाकीट घेऊन वेळेआधी उभा होता. एप्रिल आणि जूनमध्येही. घटस्फोटाचे कागद वकिलाकडे पडलेले असताना ह्या गृहस्थाने चार हजार दोनशेचे दोन चेक दोघांच्या नावाने भरले. बायको घर सोडून गेली, तरी तिला दंड बसू नये म्हणून. मी लॉर्नासाठी आजवर काय केलं होतं? वर्गात मीठ आणि वाळू वेगळी करायला शिकवतो, ते एकदा तिला करून दाखवलं होतं.

"त्याच्याशी बोलावं लागेल," लॉर्ना आत येऊन हात धूत म्हणाली. "कुणी किती घ्यायचे ते दोघांनी मिळून ठरवायचं असतं. मी फोन करू की तू करतोस?"

ह्या प्रश्नाला बरोबर उत्तर नव्हतं. तिने केला असता तर मी भिंतीला कान लावून बसलो असतो. मी म्हणालो, "मी करतो. पुरुषापुरुषांचं आहे." ती टॉवेल दांडीवर टाकून परत खुर्चीकडे गेली.

क्लिफर्डने दुसऱ्या रिंगला उचलला. मी म्हणालो, "नमस्कार, मी लेन विस्निक बोलतोय. लॉर्नाचा..." आणि तिथे माझी गाडी अडली. त्याने ती मागून ढकलली.

"अरे लेन! बोल. छपरावरचा बर्फ उतरवलास का? तुझ्या घराचा उत्तरेचा कोपरा वाईट आहे, पाणी भिंतीत जाईल बघ."

"उतरवला," मी म्हणालो. उतरवला नव्हता. "तुम्हाला करासंबंधी विचारायचं होतं. ते एप्रिल आणि जूनचे हप्ते."

"हां. मी वाटच बघत होतो. माझं विवरण फेब्रुवारीतच तयार आहे, तुमच्यापायी थांबलंय. असं कर, सगळे तुम्ही घ्या."

"सगळे म्हणजे?"

"आठ हजार चारशे. सगळे. समासात माझा नंबर टाकायचा, विसरू नकोस."

"अहो, पण मग तुम्हीच कमी पडाल. दंड तुम्हाला बसेल."

"बसू दे की. लॉर्नाला दंड बसलेला मला नाही आवडणार. चौदा वर्षांत एकदाही बसू दिला नाही." मग आवाज जरा खाली आणून, डॉक्टर पेशंटला सांगतात तसा तो म्हणाला, "आणि लेन, तुला म्हणून सांगतो. डिसेंबरात शाळेला सांगायचं होतं, पगारातून जरा जास्त कापा. पगारातून कापलेले पैसे वर्षभर सारखे भरले असं धरतात, शेवटच्या आठवड्यात कापले तरी. दंड गायब. कुणी सांगितलं नाही तुला?"

"लग्नच सत्तावीस तारखेला झालं."

"हो, ऐकलं ते," क्लिफर्ड म्हणाला. "अभिनंदन."

मी फोन ठेवला. चौदा वर्षांत एकदाही बसू दिला नाही. मी हिशोब केला, म्हणजे माझ्या हातात पेन्सिल होतीच. आम्ही सगळे घेतले तर आमचा दंड शून्य आणि वर आठशे परत. क्लिफर्ड चार हजार दोनशेंनी कमी पडणार, त्यावर दंड भरणार, आणि भरताना त्याच्या चेहऱ्यावर काय भाव असेल तो मला दिसत होता. गंभीर, शांत, जरासा थकलेला. दुसऱ्याच्या बायकोचा दंड भरणारा माणूस. असा प्रसंग मला आयुष्यात मिळाला नव्हता आणि ह्याला तो पोस्टाने घरपोच मिळणार होता. मला तो दंड हवा होता. हे वाक्य मी त्या वेळी मनात असंच्या असं म्हटलं, आणि वेड्यासारखं आहे हेही मला कळलं, पण कळल्याने काही फरक पडला नाही. जिच्यासाठी आपण काहीच गमावत नाही ती आपली कशी, असा काहीतरी विचार असावा तो. मग मी त्या ओळीत काहीच लिहिलं नाही. ना आठ हजार चारशे, ना निम्मे, ना समासात कुणाचा नंबर. भरलेले हप्ते: एप्रिल शून्य, जून शून्य, सप्टेंबर शून्य, जानेवारी शून्य. सगळा कर आत्ता भरायचा, वर तीनशे ब्याण्णव दंड. हे पैसे आम्ही तळघरातली गरम हवेची भट्टी बदलायला ठेवले होते. ती जुनी भट्टी सुरू होताना म्हाताऱ्यासारखी खोकते आणि लॉर्नाला पहाटे काम करताना दोन स्वेटर घालावे लागतात. मी मनात म्हटलं, अजून एक हिवाळा काढू. म्हणजे लॉर्ना काढेल. पेन्सिलीवर शाईने गिरवून मी विवरण पुरं केलं आणि कुठेतरी डोंगर चढून आल्यासारखं मला हलकं वाटलं.

ते हलकेपण शुक्रवारपर्यंत टिकलं. ईस्टरच्या आधीचे, मांस वर्ज्य असलेले शुक्रवार म्हणजे आमच्याकडे चर्चच्या तळघरातला तळलेला पर्च मासा, आणि लॉर्ना तो येताना घेऊन आली होती. पाव, कोबी, लिंबू. मी जेवणाआधीच कागद तिच्यापुढे सरकवले. संयुक्त विवरणावर दोघांनी सही करायची असते. एकाची नसेल तर ते चालत नाही. मला वाटलं होतं ती सही करेल आणि मासा खाईल. ती बोटं पुसून वाचायला लागली. पहिल्या पानापासून. मी लिंबू पिळत राहिलो.

"ही ओळ कोरी का?"

"आपण त्याचं काही घ्यायचं नाही असं मी ठरवलं."

"कुणाचं?"

"क्लिफर्डचं. तो सगळे द्यायला निघाला होता. मी म्हटलं नको. आपला दंड आपण भरू."

तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि तो पुरता चावून झाल्यावर विचारलं, "ते चेक कुणी लिहिले असं वाटतंय तुला?"

"क्लिफर्डने. चौदा वर्षं त्याने..."

"क्लिफर्डला चेकबुक कुठल्या खणात असतं ते माहीत नाही, लेन! तो जमिनी मोजतो. चेक मी लिहायचे. पाकीट मी भरायचे, तिकीट मी चिकटवायचे, पोस्टात मी जायचे. तो विचारायचा, झालं का गं? मी म्हणायचे, झालं. आणि त्यातले निम्मे पैसे माझे. अर्ध्या शहरातल्या खाणावळींच्या बाकांना रेक्झिन चढवलंय मी त्यासाठी." ती आता हसत होती, पण ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. "म्हणजे तुम्ही दोघं पुरुषापुरुषांनी फोनवर माझेच पैसे एकमेकांना दान करत होतात?"

मी म्हणालो की तसं पाहिलं तर हो.

"आणि माझी भट्टी?"

मी लिंबाची दुसरी फोड उचलली.

तिने तिथेच फोन उचलला, माझ्यासमोर, हाताला माशाचं तेल तसंच. "क्लिफर्ड, निम्मे निम्मे. हो. नाही, सगळे नकोत. अरे, तुझ्या मोठेपणाचं मी काय करू, ठेव तो तुझ्यापाशी. हो. चार हजार दोनशे तुला, चार हजार दोनशे मला. बरं. छपराचं त्याला सांगते." वीस सेकंद. चौदा वर्षांचा संसार असलेली माणसं किती कमी शब्दांत बोलतात, हे मी तिथेच टिपून ठेवलं. मग तिने माझ्याकडे कोरा फॉर्म सरकवला. "कर पुन्हा. नीट."

मी पुन्हा केलं. समासात नऊ आकडे, पुढे तीन अक्षरं. क्लिफर्ड उभा राहिला. मी समजत होतो तेवढी जागा त्याने घेतली नाही. दंडाच्या फॉर्मवर चार रकाने असतात, चार तारखांचे. एप्रिलमध्ये लॉर्नाचे निम्मे पैसे धरले की काही कमी पडत नव्हतं. शून्य. जून, शून्य. सप्टेंबर आणि जानेवारीत मात्र कमी. एकशे चार डॉलर.

"हे कसले?" तिने विचारलं.

"सप्टेंबरचे आणि जानेवारीचे. ते कुणीच भरले नाहीत." आणि मग मला विचारल्याशिवाय राहवेना. "चौदा वर्षांत तू एकदाही विसरली नाहीस?"

"नाही."

"मग सप्टेंबरला का विसरलीस?"

ती विचार करायला लागली. खरंच विचार करायला लागली, उत्तर आधीपासून तयार नव्हतं. "पंधरा तारीख," ती म्हणाली. "शुक्रवार होता ना तो? तू शाळेतून तसाच आलास आणि आपण त्या नॉर्थ ईस्ट गावाला गेलो, द्राक्षांना." तो दिवस मलाही आठवला. तोडणी चालू असते तेव्हा त्या रस्त्यावर मैलन्‌मैल द्राक्षांचाच वास येतो, गाडीच्या काचा बंद केल्या तरी येतो, सरोवराकडून वारा आला की घसाही गोड होतो. लॉर्नाची बोटं जांभळी झाली होती आणि तिने ती माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीला पुसली होती, आणि मी तो शर्ट सोमवारी तसाच वर्गात घालून गेलो होतो. "मला तारीखच आठवली नाही," ती म्हणाली. "सोमवारी लक्षात आलं. म्हटलं, जाऊ दे. आणि जानेवारीत तर काय, आपण नुकतेच..." तिने हात हलवला. त्या हातवाऱ्यात आमचा जानेवारी होता. मग ती फॉर्मवर वाकली. "हे बघ, इथे चौकोन आहे, दंड माफ करा म्हणायचा. सोबत पत्र जोडायचं. पहिल्यांदाच झालंय, देतील कदाचित. मी लिहू पत्र?"

"नको."

"अरे, एकशे चार डॉलर आहेत."

"असू देत. दंड बरोबर आहे."

"आता ह्यातही तुझं काहीतरी आहे का?"

"काही नाही," मी म्हणालो. "चूक झाली तर भरावं माणसाने."

तिने खांदे उडवले, सही केली आणि कागदाच्या कडेला माशाच्या तेलाचा एक गोल डाग ठेवून कोबी खायला लागली. मी शाईचं पेन घेतलं. सप्टेंबरच्या रकान्यात आकडा लिहिताना माझा हात इतका ठाम होता की माझे वडील बघून खूश झाले असते. चौदा वर्षं जी बाई एकदाही विसरली नाही ती माझ्या गाडीत विसरली, आणि तशी सरकारदरबारी नोंद होत होती. हे क्लिफर्डकडे नव्हतं. त्याच्याकडे चौदा वर्षांची शून्यं होती. माझ्याकडे सत्तर डॉलर सप्टेंबरचे आणि चौतीस जानेवारीचे, आणि मी ते कुणाला माफ करू देणार नव्हतो. मी दोन्ही आकडे लिहिले, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली, आणि ओळ एकदा डावीकडून उजवीकडे तपासून बघावी म्हणून मागे गेलो.

एप्रिल, शून्य. एप्रिलचं मी सोडून दिलं. ती शाळेच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांना कापड चढवायला आली ती ईस्टरच्या सुट्टीत, म्हणजे पंधरा एप्रिलला आमची ओळख जेमतेम दहा दिवसांची. त्यात आठ दिवस मी तिला फक्त किल्ल्या नेऊन दिल्या होत्या. पण पुढचा रकाना जूनचा होता. पंधरा जूनला ती संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आली होती. ते मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा स्ट्रॉबेरीचं काहीतरी केलं होतं आणि ते फसलं होतं, आणि ती माझ्या पायऱ्यांवर बसून ते फसलेलं सगळं चमच्याने खाऊन संपवत होती. वीस मिनिटं उशिरा आली होती. वाटेत पोस्टात जायचं होतं, म्हणाली होती. मी विचारलं नव्हतं कशाला. तिने शेवटचा चमचा चाटला होता, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं होतं, आणि मी आकाशाकडे बघत मनात म्हटलं होतं की आता हिला दुसरं काही आठवत नसणार.

"झालं का रे?" लॉर्नाने विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि जूनच्या शून्याकडे बघत राहिलो.